उंबरा नऊ इंच

सोमवार, ४

सामान लागलं एकदाचं. खोकी रिकामी झाली, पडदे चढले, आणि अण्णांनी पहिल्याच दिवशी घरात तीन खोडी काढल्या, म्हणजे घर त्यांनाही आवडलं. स्वयंपाकघराची खिडकी पूर्णपणे बंद होत नाही, न्हाणीघराच्या चौकटीला वाळवी लागून गेली आहे आणि हॉलची फरशी दाराकडे उतरती आहे. मी म्हटलं, भाड्याचं घर आहे, आपण काही मुलगी द्यायला आलेलो नाही.

अण्णा माझे वडील. वय अठ्ठ्याहत्तर, त्यातली पंचेचाळीस वर्षं सुतारकाम. आता एका हातात काठी असते, पण कानावर पेन्सिल आणि खिशात सहा फुटी घडीची पट्टी अजून आहेच. गेल्या वर्षी ते न्हाणीघरात पडले तेव्हा मी ऑफिसात होते. चार तास ते तसेच पडून होते. भावाने फोनवर हळहळून घेतलं आणि हात झटकले. त्या दिवसापासून मी घरून करायची नोकरी शोधत होते. आता मिळाली आहे. अण्णा आणि मी एका छपराखाली, मध्ये फक्त एक दार. इतकं हलकं मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

ही वही कंपनीच्या सांगण्यावरून. त्यांनी पाठवलेल्या पुस्तिकेत लिहिलंय की घरून काम करणाऱ्याने दिवस संपताना हाताने चार ओळी लिहाव्यात, म्हणजे काम संपलं हे डोक्याला कळतं. माझ्या चार ओळी कधीच होऊन गेल्या.

मंगळवार, ५

कंपनीचा फिटर आला. पुस्तिकेतला नियमच आहे: प्रत्येकाच्या कामाच्या खोलीत मागची भिंत त्याच राखाडी रंगाची, खुर्चीच्या बरोबर मागे तेच पांढरं दार. दार पडद्यावर दिसलं पाहिजे आणि बंद दिसलं पाहिजे, म्हणजे आत कुणी ऐकत बसलेलं नाही याची सगळ्यांना खात्री राहते. माझी कामाची खोली म्हणजे खरं तर अडगळीची खोली. खुर्चीत बसून हात मागे केला तर कडीला लागतो.

फिटरने चाळीस मिनिटांत जुनं दार काढून नवं बसवलं. तोंडातून अवाक्षर नाही. अण्णा काठी टेकून त्याच्या डोक्यावर उभे. पाणी विचारलं तरी त्याने मान हलवली. तो गेल्यावर अण्णांनी दाराला हात लावून पाहिला, वास घेतला, बिजागऱ्या पाहिल्या आणि म्हणाले की हे लाकूड कुठलं ते त्यांना सांगता येत नाही. हे मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं. मग उंबऱ्याची रुंदी, म्हणजे भिंतीची जाडी मोजली. नऊ इंच. निदान भिंत तरी त्याने सोडली, म्हणाले.

गुरुवार, ७

पहिली बैठक, साडेदहा ते सव्वाअकरा. कंपनी गिझर आणि वॉशिंग मशीनच्या तक्रारी फोनवर घेते. माणसं एकूण आठ, आठही आपापल्या घरी. बैठका चालवण्यासाठी मला घेतलंय, कारण आधीच्या बैठका म्हणे मासळी बाजार असायच्या.

पडद्यावर आठ चौकटी, आठांच्या मागे एकच भिंत आणि एकच दार. पाहायला फार छान वाटलं, एकाच लांबलचक खोलीत बसल्यासारखं. वर मोठ्या बाई, म्हणजे आमच्या प्रमुख. आवाज मऊ, नजर नाही. एकाला सारखा खोकला, त्याचं नाव मी मनातल्या मनात खोकलेबुवा ठेवलं. एक नुकतं लग्न झालेली मुलगी, तिच्या प्रत्येक वाक्यात सासूबाई, ती सूनबाई. बाकीचे चौघे मुकाट बसणारे.

मी पहिल्याच दिवशी शिस्त लावली. विषयांची यादी आदल्या दिवशी. एका वेळी एकानेच बोलायचं. ज्याची पाळी नाही त्याचा आवाज बंद. ते बटण माझ्या हातात. बैठक चालू असताना मागे वळून पाहायचं नाही, कारण एकाने मान वळवली की आठही जणांचं लक्ष उडतं. सव्वाअकराला एक मिनिट असताना बैठक संपली. मोठ्या बाई म्हणाल्या, अशाच माणसाची वाट पाहत होतो.

अण्णांनी मला नवं नाव दिलंय, मुकादम. जेवायला बसताना विचारतात, मुकादमांची परवानगी आहे का.

शुक्रवार, ८

आज खोकलेबुवांनी माझ्या बैठकीचा विचका केला. ते बोलत असताना त्यांच्या मागचं दार उघडलं आणि हिरवी शाल घेतलेली एक म्हातारी पाण्याचा ग्लास घेऊन आत आली. दोन पावलं येऊन थांबली, भांबावल्यासारखी इकडेतिकडे पाहिलं, आणि उलट्या पावली बाहेर गेली. दार तिच्यामागे लागलं. बुवांना पत्ताच नाही. मागे वळायचं नाही हा नियम त्यांनी पाळला होता, एवढं मात्र खरं.

बैठकीनंतर मी त्यांना एकटं थांबवून चार शब्द सुनावले. घरच्यांना बैठकीची वेळ सांगून ठेवा म्हटलं. ते म्हणाले, मी एकटा राहतो. मी म्हटलं, मग ती बाई काय आकाशातून पडली? ते गप्प झाले आणि खोकत बसले. खोटं बोलायलाही माणसाला जरा अक्कल लागते.

मी मोठ्या बाईंना नवा नियम सुचवला: बैठकीच्या आधी प्रत्येकाने दाराला आतून कडी लावायची आणि कॅमेऱ्याला दाखवायची. त्यांनी तो लगेच मंजूर केला.

सोमवार, ११

सूनबाई आली नव्हती. सात दारं, सात कड्या. बैठक झकास.

अण्णांशी मात्र वाजलं. बैठक चालू असताना ते बाहेरून दार वाजवतात. त्यांची जुनी सवय आहे, दोनदा बोटांनी आणि एकदा पट्टीने, टक टक ठक. कामावर ते शेजारच्या खोलीतल्या गड्याला असंच बोलवायचे. गॅस बंद केलास का, चष्मा कुठे आहे, असल्या गोष्टींसाठी. आज बाहेर येऊन मी जरा जास्तच बोलले. म्हटलं, तुमच्यासाठीच ही नोकरी धरली आणि तुम्हीच ती घालवणार आहात. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, आज त्यांनी दार वाजवलंच नव्हतं. ते बाहेर बसून ऐकत होते आणि आवाज दाराच्या आतून येत होता.

मी म्हटलं, आत मी होते. ते म्हणाले, तू नव्हे. तुझ्या अलीकडे.

बुधवार, १३

सूनबाई तीन दिवस नाही. आज आलेल्या ईमेलमधून कळलं की तिच्या सासूबाई शुक्रवारपासून घरातून नाहीशा झाल्या आहेत. सून बैठकीत, सासू तिच्यासाठी पाणी घेऊन कामाच्या खोलीकडे गेल्या, एवढंच शेजारणीने पाहिलं. अंगावर हिरवी शाल होती.

मी दोनदा वाचलं. शाली काय छप्पन असतात. सूनबाई आणि खोकलेबुवा दोन वेगवेगळ्या शहरांत राहतात.

अण्णा आज गंभीर होते. बैठक चालू असताना त्यांनी घडीची पट्टी माझ्या दाराखालून आत सारली. उंबरा नऊ इंच, म्हणजे नऊ इंचांनंतर ती माझ्या खुर्चीमागे दिसायला हवी. त्यांनी पूर्ण सहा फूट सारली. मला विचारलं, दिसली का? मी म्हटलं, बैठकीत मागे पाहत नाही. ते एवढे चिडले की काठी आपटली.

"चाळीस वर्षांची घोडी झालीस, तुला साधं मागे वळून बघता येत नाही?"

मग बैठक नसताना त्यांना पुन्हा पट्टी सारायला लावली. नऊ इंचांवर माझ्या पायाशी आली. मी म्हटलं, झालं समाधान? आता डोकं तपासून घेऊ. हे मी बोलायला नको होतं.

गुरुवार, १४

मागे न वळता मी पडद्यावर माझीच चौकट पाहत राहिले. तिच्यात दाराचा तळ दिसतो. दहा वाजून पन्नास मिनिटांनी पट्टी सारायची असं ठरलं होतं. पन्नास झाले, पंचावन्न झाले. दाराखालून काहीही आलं नाही.

बाहेर आले तर अण्णा भिंतीला टेकून जमिनीवर बसलेले. पट्टी हातात. मला वाटलं पडले. पडले नव्हते. म्हणाले, पूर्ण सहा फूट आत गेली, आणि मग दुसऱ्या टोकाला कुणीतरी धरलं. ओढलं नाही, नुसतं धरलं. माप घेताना मदतीचा माणूस धरतो तसं.

त्यांचं म्हणणं असं की बैठक सुरू झाली की दाराच्या आत जागा होते. मी सांगितलेली ती हिरव्या शालीतली बाई तिथे अडकली आहे. तिचा आवाज येत नाही, कुणाचाच येत नाही, फक्त ठोकणं येतं. ती कुणाच्या ना कुणाच्या खोलीतून बाहेर येईल, कुणीतरी आपल्या खोलीच्या बाजूने दार उघडायला हवं. मी त्यांना समजावलं की बैठक चालू असताना कुणी दार उघडणार नाही, सगळ्यांना आतून कडी असते. ते माझ्याकडे पाहत राहिले. हा शहाणपणा कुणाचा, विचारलं.

उद्या मोठ्या बाईंशी बोलणार आहे. पण काय बोलणार? वडिलांची पट्टी आली नाही, असं?

शुक्रवार, १५

शब्द सुचत नाहीत. क्रमाने लिहिते.

साडेदहाला बैठक. कडी लावली, दाखवली. दहा पस्तीसला माझ्या मागे टक टक ठक. मी लक्ष दिलं नाही. पुन्हा. पुन्हा. मोठ्या बाई महिन्याचे आकडे सांगत होत्या. मला राग आला होता, खरं सांगते, एवढा राग की मी स्वतःचा आवाज बंद केला आणि मागे न पाहताच दारावर मूठ मारली. गप्प बसा, म्हटलं. ठोकणं थांबलं.

सव्वाअकराला कडी काढली. बाहेर उंबऱ्याशी त्यांच्या चपला, दाराला टेकवलेली काठी. अण्णा नाहीत.

काठीशिवाय ते दहा पावलं चालू शकत नाहीत. घराला आतून कुलूप होतं, किल्ली माझ्या कमरेला.

ते बाहेर उभे राहून ठोकत नव्हते. ते दाराच्या आत गेले होते; कडी फक्त माझ्या बाजूला होती. त्या बाईसाठी. आणि आतून मला—

मी उघडलं नाही.

सोमवार, १८

पोलीस शनिवारी आले. दार उघडलं, मिटलं, खोली पाहिली. विसराळू म्हातारी माणसं कुठेही जातात, म्हणाले. भाऊ फोनवर म्हणाला, तू घरातच होतीस ना?

रविवारी त्यांच्या पेटीतली छिन्नी आणि हातोडा घेऊन मी चौकटीच्या बाजूची भिंत फोडली. विटा. नऊ इंच विटा, मग माझी खोली. बैठक नसेल तेव्हा तिथे काहीच नाही.

म्हणून आज बैठकीची वाट पाहिली. कडी लावली नाही. दार सताड उघडं ठेवून बसले. माझ्या मागे माझाच व्हरांडा, त्यांच्या चपला. मोठ्या बाई म्हणाल्या, दार बंद केल्याशिवाय सुरू होणार नाही. बंद केलं. सगळ्यांचे आवाज बंद होते, मीच लावलेली शिस्त. मी ते बटण दाबलं आणि सगळ्यांचे आवाज एकदम उघडले.

सगळ्या दारांवर ठोकलं जात होतं.

सगळ्यांच्या. तळव्याने, मुठीने, काहीतरी काचेचं आपटल्यासारखं. पडद्यावर सहा चेहरे, सहाही समोर पाहताहेत. एकानेही मान वळवली नाही. त्यांना ते ऐकू येत होतं. किती दिवस येत होतं, देव जाणे. प्रत्येकाला वाटलं असेल फक्त आपल्याच दारावर, आणि प्रत्येक जण मूग गिळून बसला.

आणि त्यांच्यात एका चौकटीतून, कुठल्या ते कळलं नाही, टक टक ठक.

मी ओरडले. कड्या काढा, माझे वडील आहेत. चौघांतला एक म्हणाला की त्याला लहान मुलं आहेत. दुसरा म्हणाला, या बाईंना आवरा. मोठ्या बाईंनी माझाच आवाज बंद केला. मी ओरडत होते आणि ते सगळे माझं तोंड हलताना पाहत होते. मग त्या मऊ आवाजात म्हणाल्या:

"उघडल्यावर तुमचेच वडील बाहेर येतील, याची खात्री द्याल?"

मंगळवार, १९

कामावरून काढलं. पत्र आलं. गुरुवारी संध्याकाळी माझं खातं बंद होईल. दार न्यायला फिटर शुक्रवारी येणार.

दार नेलं तर—

गुरुवारपर्यंत. बैठक मी चालू करू शकते, पण एकटीने चालत नाही, दुसरं कुणीतरी लागतं. सगळ्यांना लिहिलं. सूनबाईलाही. तिच्या नवऱ्याने उत्तर पाठवलं, पुन्हा त्रास देऊ नका.

बुधवार, २०

कुणी नाही.

चपला तशाच ठेवल्यात. न्हाणीघरात ते चार तास पडले होते. आज पाच दिवस झाले. पाणी तरी— त्या बाईकडे ग्लास होता. भरलेला होता. मी पाहिला होता.

संध्याकाळी फोन. नुसता खोकला, बराच वेळ. मग म्हणाले, तुम्ही मला खोटारडा ठरवलंत तेव्हा मी गप्प बसलो, बसायला नको होतं. उद्या साडेदहाला येतो. मी कडी काढतो.

मी रडले. फोनवरच.

गुरुवार, २१. सकाळ

वही टेबलावर उघडीच ठेवतेय. जे होईल ते लिहीत जाईन, कुणाला तरी कळायला हवं.

१०.३० दोनच चौकटी. ते आणि मी. दोघांची दारं बंद. ठोकणं लगेच सुरू.

१०.३४ त्यांच्या दारावर. काचेचा आवाज. त्यांनी माझ्याकडे पाहून मान हलवली आणि उठले. त्यांना मागे वळताना पाहिलं. इतक्या दिवसांत मागे वळलेला पहिला माणूस.

१०.३५ कडी काढली. दार उघडलं. मागे काळोख, त्यांचं घर नाही. कुणीच बाहेर आलं नाही. ते आत वाकून पाहताहेत. म्हणताहेत, ग्लास आहे खाली, रिकामा— खोकले— एक पाय आत—

खोकला मध्येच तुटला.

१०.४१ रिकामी खुर्ची. उघडं दार. हाका मारल्या. आतून आवाज येत नाही, अण्णा म्हणाले होते. येत नाही.

१०.४८ आता ठोकणं माझ्या दारावर.

टक टक ठक.

मागे पाहत नाही. माझी चौकट पाहतेय. दार हलतंय थोडं. डावा हात मागे कडीवर, उजव्यात पेन.

अण्णाच. दुसरं कोण असं ठोकेल. पण आत जे कुणी आहे त्यानेही आठवडाभर ते ऐकलंय. मोठ्या बाईंचं वाक्य डोक्यातून जात नाही. खात्री द्याल—

विचारते. त्यांनाच येईल असं.

विचारलं. अण्णा, उंबरा किती इंच? तेवढ्यांदा ठोका. मग उघडते. शपथ, लगेच उघडते.

थांबलं.

सुरू झालं. सावकाश, मोजून, पट्टीने.

एक. दोन. तीन. चार.

पाच. अण्णा, मी इथेच आहे. सहा. सात.

आठ.

नऊ.

नऊ. थांबले. अण्णाच. माझे अण्णाच, कडी काढली, दार आत येतंय, अण्णा या

दहा

अकर